जागा हेरताना : कोल्हापुरातल्या एका हेर-शिबिराचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातली एक छोटी संस्था. डोंगरभटकंती, पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी मोहीम, दोरावरचे खेळ, असलं काहीबाही वर्षभर चालू असतं. कायमची माणसं चार, बाकी सगळे हौशी कार्यकर्ते. एका वर्षी प्रमुखांच्या डोक्यात आलं की कॉलेजच्या पोरापोरींसाठी दोन दिवसांचं ‘हेर-शिबिर’ घ्यायचं. आपला पाठलाग होतोय हे कसं ओळखायचं, न भेटता निरोप कसा पोचवायचा, तासभर एका जागी बसून काय काय टिपता येतं, सांगितलेली खोटी ओळख कशी निभवायची, एवढाच अभ्यासक्रम. शस्त्रं नाहीत, मारामारी नाही, खऱ्या माणसाच्या खासगी आयुष्यात डोकावणं नाही. वय अठराच्या पुढे. चौदा नावं आली. तारीख ठरली डिसेंबरच्या मध्याची.

जागा बघायचं काम माझ्याकडे आलं. ट्रेकचे मुक्काम मी बरीच वर्षं ठरवत आलोय. पाणी कुठं, सावली कुठं, गाडी कुठवर जाते, रात्री कुणाचं पोट बिघडलं तर दवाखाना किती लांब, हे बघायची सवय होती. हेरगिरीसाठी जागा बघायची म्हणजे यातच ‘आडोसा कुठं’ हा एक रकाना वाढवायचा, असा माझा समज. मदतीला एक निवृत्त फौजदार होते. त्यांना सगळे ‘साहेब’च म्हणायचे. पहिल्या बैठकीत ते फारसं बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही, आणि ही पहिली चूक म्हणायला हरकत नाही.

संस्थेचं नाव, गावाचं नाव आणि माणसांच्या ओळखी इथे काढून टाकल्या आहेत. बाकी घडलं तसं.

काय हवं होतं

आपसात बोलायला सोपे म्हणून आम्ही घरचेच शब्द पाडले होते. ‘टपाल’ म्हणजे एकाने वस्तू ठेवायची आणि दुसऱ्याने नंतर उचलायची ती जागा. दोघांची भेट होत नाही. ‘खूण’ म्हणजे टपाल ठेवलंय हे लांबून सांगणारं चिन्ह. ‘हातबदल’ म्हणजे गर्दीत चालता चालता वस्तू या हातातून त्या हातात जाणं. ‘माळा’ म्हणजे टेहळणीची जागा, शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून घेतलेलं नाव. आणि ‘बीळ’, म्हणजे रात्री तीन-चार तास लपून राहायची जागा.

टपालाच्या जागेला मी वहीत तीन अटी लिहिल्या होत्या. ठेवणारा दोन-तीन सेकंद तरी नजरेआड व्हायला हवा. वस्तू भिजू नये आणि भलत्याच्या हाती लागू नये. आणि तिथं जायला माणसाकडे सांगण्यासारखं कारण हवं. तिसरी अट लिहिली आणि पुढच्या पानावर विसरलो.

खरं तर या धंद्यातल्या गाजलेल्या प्रकरणांत हीच अट ठळक दिसते. अमेरिकेच्या एफबीआयमधला रॉबर्ट हॅन्सन रशियनांसाठी पाकिटं ठेवायचा ती जागा कुठल्या अरण्यात नव्हती. व्हर्जिनियातल्या वस्तीलगतची एक बाग, तिथल्या लाकडी पादचारी पुलाखाली. खूण म्हणून बागेच्या पाटीला पांढरी चिकटपट्टी. फेब्रुवारी २००१ मध्ये तो त्याच बागेत पकडला गेला. त्याच्याआधी, १९९४ साली सापडलेला सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स वॉशिंग्टनमधल्या रस्त्याकडेच्या टपालपेटीवर खडूची रेघ ओढायचा. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी ऑक्टोबरात पाहणीला निघालो तेव्हा नजर शोधत होती ती निर्जन जागाच.

पहिली फेरी : ऑक्टोबर

प्रमुखांचा जीव पन्हाळ्यावर होता, आणि ते साहजिक आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून जुलै १६६० मध्ये महाराज निसटले ते याच गडावरून. शिवा काशीद पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले आणि तेवढ्या वेळात खरी पालखी विशाळगडाकडे लांब गेली. हेर-शिबिराला याहून चांगली भूमी कुठली? पण पन्हाळा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. भिंतीवर खडूची साधी खूण केली तरी तो गुन्हा ठरू शकतो, आणि जुलै २०२५ मध्ये गड जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर तिथं जपून वागणं आणखी गरजेचं झालंय. दगडाच्या फटीत डबी ठेवून बघितली, तर वीस मिनिटांत माकडाने पळवली. शिवाय शनिवार-रविवार तीन दरवाजापाशी गर्दी एवढी, की लपण्यापेक्षा आपलं पोरगं शोधणंच अवघड. मसाई पठारावर गेलो, तिथं उलटी तऱ्हा. नजर जाईल तिथवर उघडं गवत. एक माणूस उभा राहिला तरी कोसावरून दिसतो.

दाजीपूरचा विचार एका दिवसात संपला. राधानगरी हे १९५८ पासूनचं, राज्यातलं पहिलं अभयारण्य. परवानगीशिवाय आत पाय टाकता येत नाही आणि रात्री पोरांना झुडपात बसवायला वनखातं कशाला परवानगी देईल? गव्यांचं राज्य आहे ते. अर्थात गवा भेटायला दाजीपूरलाच जावं लागतं असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तो कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला होता. टेंबलाईची टेकडी एका कार्यकर्त्याने सुचवली होती. तिथं प्रादेशिक सेनेची छावणी आहे. लष्करी हद्दीच्या आसपास दुर्बीण गळ्यात घालून ‘हेरगिरी शिकतोय’ म्हणून हिंडायचं, ही कल्पना साहेबांनी नुसतं बघून मोडीत काढली.

मग सापडलं नदीकाठचं एक गाव. शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. पाऊस ओसरलेला, ऊस दोन पुरुष उंच. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती, मध्ये एक ओढा, त्यावर फरशी, पलीकडे कुणाचं तरी गुऱ्हाळ आणि वडाखाली म्हसोबा. मी एका फडात शिरलो. सरीतून चाळीस पावलं आत जाऊन बसलो. उसाची पात गालाला कापत होती, कानाशी चिलटं, अंगाला घामाची धार. पाणंदीवरून ट्रॅक्टर गेला, त्यावरचं गाणं ऐकू आलं, ड्रायव्हरचं डोकंही दिसलं, आणि त्याला मी दिसलो नाही. एवढा आनंद झाला की वहीत लिहिलं : “बीळ १. रस्त्यापासून चाळीस पावलं. कुणालाही दिसत नाही. उत्तम.”

आज ती नोंद वाचली की हसू येतं. तिथं बसलेला दिसत नव्हतो हे खरं. पण आत शिरताना आणि बाहेर पडताना दिसत होतो. पाचटावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होत होता तोही मी ऐकला, पण लिहिला नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न विचारलाच नाही, की हा ऊस डिसेंबरात इथं असणार आहे का?

अडचण : नोव्हेंबरातली संध्याकाळ

नोव्हेंबरच्या अखेरीस दोन कार्यकर्त्यांना दुसऱ्या फेरीला पाठवलं. ओढ्याच्या बांधावर बसून संध्याकाळी किती वर्दळ असते हे मोजायचं, एवढंच काम. दोघांकडे एक दुर्बीण आणि एक वही. कुणी विचारलंच तर “पक्षी बघतोय” म्हणायचं, हे मीच सांगितलं होतं.

सव्वासहाच्या सुमारास गावातली सात-आठ पोरं दोन बाजूंनी आली. मोटारसायकलची किल्ली आधी काढून घेतली.

“कुठलं पाव्हणं?”

“कोल्हापूरचं.”

“हितं काय करालाय?”

“पक्षी बघतोय.”

त्यांच्यामागून एक म्हातारा आला. ज्या फडात मी बीळ शोधलं होतं त्याचा तो मालक, हे आम्हाला नंतर कळलं. त्याला पुढे आम्ही आबाच म्हणत आलो. आबाने दोघांकडे बघितलं आणि वर बोट केलं. डोक्यावर एक पाखरू घिरट्या घालत कंठ फोडून ओरडत होतं.

“मग ही कंची?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“टिटवी हाय,” आबा म्हणाला. “रानात माणूस बसला की वरडतीया. तुमी बसल्यापास्नं वरडालीया. म्हणून तर पोरं आली.”

इथवर प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. पण एकाने वही उघडली. आत ओळीने नोंदी होत्या. ५.४० दोन बायका, डोक्यावर वैरण, परत गावाकडे. ५.५२ दूधवाला, एकटा. ६.०५ मोटर बंद करून माणूस घरी गेला, केबिनला कुलूप नाही. त्या गावात पावसाळ्यापासून पाण्याच्या मोटारीच्या केबली चोरीला जात होत्या. अशा गावात ती वही कशी वाचली जाणार? कोण कधी एकटं असतं, कुठं कुलूप नाही, याची ती यादीच होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दुसरा अर्थ काढला नसता.

मला फोन आला. मी पोचेपर्यंत पोरांना देवळाच्या कट्ट्यावर बसवलं होतं, भोवती पन्नासेक माणसं. कुणी हात उचलला नव्हता. पोलीस पाटील वेळेवर आले होते आणि आमच्या एका पोराची आत्ती शेजारच्या गावात दिलेली निघाली. नातं जुळलं, आवाज खाली आले, चहा झाला. माझ्याकडे दाखवायला काय होतं? संस्थेचं पत्र नाही, पोलिसांना कळवलेलं नाही, ग्रामपंचायतीला माहीत नाही. मोबाईलवर शिबिराची जाहिरात होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘हेर व्हा!’ असं लिहिलेलं. ती मी दाखवली नाही.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती, आणि आठवडी बाजारात आली होती. आमची पोरं शहरातली, मराठी बोलणारी, फोनमध्ये ओळखीपाळखी असलेली. म्हणून चहावर सुटली. अनोळखी माणूस, दुर्बीण आणि तिन्हीसांजेची वेळ एकत्र आणणं हा धोका आम्ही स्वतः तयार केला होता.

तीन दिवसांनी मी आबांकडे दिलगिरी व्यक्त करायला गेलो. पाणंदीवरून वळलो आणि क्षणभर वाटलं गाव चुकलं. बीळ १ नव्हतंच. सगळा फड सपाट, पाचटाचे ढीग, कडेला ऊस तोडणाऱ्या कोयता टोळीच्या खोपी आणि ट्रॉलीत भरलेला ऊस. जिथं मी लपून बसलो होतो तिथून आता गुऱ्हाळाचं धुराडं सरळ दिसत होतं.

“आडसाली लागण हाय,” आबा म्हणाले. “गेल्या साली जुलैत लावलेला. सोळा-सतरा म्हैनं झालं की तोड येणारच. इचारायचं न्हाई व्हय?”

आणि मग जे म्हणाले त्याने पोटात गोळा आला. “कदी कदी फड पेटवून तोडत्यात. आत माणूस हाय का बघाय कोण जातंय?”

समोरचे पर्याय

बैठक त्याच रात्री झाली. शिबिराला पंधरा दिवस उरले होते, पैसे घेतलेले होते.

शिबिर रद्द करणं हा एक पर्याय होता आणि मी स्वतः त्या बाजूला झुकलो होतो. प्रमुख तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, गाव सोडू आणि कुणा ओळखीच्याच्या कुंपण घातलेल्या फार्महाऊसवर सगळं करू. सुरक्षित होतं ते, पण चार भिंतींच्या आत चौदा जण एकमेकांपासून लपणार, म्हणजे लपंडावच. दुसरा एक तुकडा अजून न तोडलेल्या उसाचा शोधायचा, असंही एकाने सुचवलं. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, असला तर तो फेब्रुवारीपर्यंत उभा राहील, हे बरोबर. पण ऊस म्हटला की घोणस आली, रानडुक्कर आलं, डुकरासाठी कुणी तारेत सोडलेला करंट आला, आणि आबांनी सांगितलेला जाळ. उसाचा विषय मी तिथंच मिटवला. या एका निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

साहेब इतका वेळ सुपारी कातरत होते. आता बोलले.

“अठ्ठावीस वर्षं साध्या कपड्यात हिंडलो. एकदाबी झाडामागं उभारलो न्हाई. झाडामागं उभारलेला माणूस सगळ्यांस्नी दिसतोय. चहाच्या गाड्यावर उभारायचं.”

मला वहीतली तिसरी अट आठवली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली हेरांची यादी काढून बघा : गृहपतिक म्हणजे शेतकरी, वैदेहक म्हणजे व्यापारी, तापस, भिक्षुकी. त्यात झुडपात लपणारा कुणी नाही. सगळे असे, की त्यांना ‘तू इथं का?’ असं कुणी विचारत नाही. आम्ही जागा शोधत होतो माणसं नसलेली, आणि कोल्हापूरच्या मुलखात ती असते कुठं? रानात वैरणीला गेलेली बाई असते, मोटर चालू करायला आलेला माणूस असतो, म्हसरं असतात, आणि वर टिटवी असते.

वाद झाला तो पुढच्या मुद्द्यावर. साहेबांचं म्हणणं, गावाला सगळं आधी सांगायचं. प्रमुख म्हणाले, गावाला सांगितलं तर गुप्त काय राहिलं? यावर तासभर गेला. शेवटी तोडगा निघाला तो माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय होता, आणि तो सुचला चहा आणून देणाऱ्या कार्यकर्तीला. गावाला नुसतं सांगायचं नाही, गावालाच पहारेकरी करायचं.

काय केलं

दिवस पहिला शहरात, रात्र आणि दुसरा दिवस गावात, अशी वाटणी केली. शहरातल्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला आणि गावच्या पोलीस पाटलांना लेखी कळवलं : नावं, वेळा, गाड्यांचे नंबर. प्रत्येकाच्या खिशात संस्थेचं पत्र. कुणी अडवलं तर खोटी ओळख एका वाक्यात सोडायची आणि पत्र दाखवायचं, हा नियम सगळ्यांकडून तोंडपाठ करून घेतला. ‘हेर व्हा!’ हे शब्द जाहिरातीतून गेले.

शहरातल्या जागा बघताना एक गोष्ट आधी ठरवली. अंबाबाईचं देऊळ, स्टँड आणि रेल्वे स्टेशन इथं कुठलीही वस्तू ठेवायची नाही. आपल्या लेखी ते टपाल, पण पोलिसांच्या लेखी ती बेवारस वस्तू. त्यामुळे तिथं फक्त हातबदल आणि पाठलाग. महाद्वार रोडवरची गर्दी पाठलागाला इतकी सोयीची आहे की वेगळी जागा शोधावीच लागली नाही. ओटीच्या सामानाच्या दुकानासमोर थांबून काचेत मागचं बघायचं, हे पोरींना पोरांपेक्षा चांगलं जमलं. कारण त्या खरंच बांगड्या बघत होत्या.

हातबदलासाठी गंगावेशीतला दूध कट्टा घेतला, आणि ही जागा मला अजून आवडते. म्हशी समोर बांधलेल्या, धार काढून ग्लास थेट हातात. संध्याकाळी तिथं उभं राहायला कारण लागत नाही. सगळे अर्धा गोल करून उभे, एका हातात ग्लास, ओठांवर फेस, नजर म्हशीकडे. रिकामा ग्लास ठेवायला प्रत्येक जण एकाच फळीकडे वाकतो. त्या वाकण्यात चिठ्ठी इकडून तिकडे गेली आणि मी चार हातांवर उभा असून मला कळलं नाही. तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन ही जागा बघितली होती. दुपारी ती मेलेली असते, तेव्हा तिथं उभा राहिलेला माणूस लगेच नजरेत भरतो.

रंकाळ्यावर मात्र आम्ही फसलो. काठावरच्या एका दगडी बाकाच्या फटीत औषधाची रिकामी डबी, वरून मातकट चिकटपट्टी लावलेली. जागा संध्याकाळी दोनदा बघितली होती, चोख वाटली होती. टपाल रात्री ठेवायचं आणि सकाळी आठला उचलायचं. सकाळी साडेसहाला झाडूवाल्या मावशी आल्या आणि फटीतला कचरा काडीने उकरून काढला, त्यात डबीही. जी जागा रात्रभर वापरायची ती पहाटे बघितलेलीच नव्हती. मावशींचं काम चोख होतं. चूक आमच्या पाहणीची.

गावातली रात्र

गावात खेळ असा होता : प्रत्येकाने शेजारच्या गावच्या थांब्यावर एसटीतून उतरायचं, अंधार पडल्यानंतर आबांच्या गुऱ्हाळापर्यंत पोचायचं, तिथं चुलवाणाजवळच्या एका खुंटीला दोरा बांधायचा आणि परत यायचं. गावातल्या माणसांनी अनोळखी दिसला की नुसतं विचारायचं, “कुठलं पाव्हणं?” विचारलं गेलं की तो बाद. हात लावायचा नाही, पाठीमागे धावायचं नाही, शेतात कुणी शिरायचं नाही. पाणंदीवर साहेब आणि पोलीस पाटील, गाडी ओढ्याच्या फरशीजवळ, सर्पदंश वगैरे झाला तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किती वेळात पोचतो हे आदल्या दिवशी गाडी चालवून बघितलेलं.

गावाला एवढी मजा आली की साडेनऊपर्यंत बायका ओट्यावरून उठल्या नाहीत. चौदापैकी अकरा बाद झाले. काळे कपडे घालून ओढ्याच्या कडेने आलेले सहाच्या सहा पहिल्या पंधरा मिनिटांत. कुत्र्यांनी दोघांना, टिटवीने एकाला धरून दिलं. एकाला आठ वर्षांच्या पोरीने पकडलं, तो म्हणाला “पाटलांकडं आलोय”, ती म्हणाली “कंच्या? हितं सगळं पाटीलच हायती.”

तीन जण पोचले. एक जण भजनाला निघालेल्या म्हाताऱ्यांबरोबर टाळ हातात धरून चालत आला. एकीने एसटीतच गावातल्या एका बाईशी गप्पा जमवल्या, तिची पिशवी उचलली आणि तिच्या घरापर्यंत गेली. वाटेत विचारणाऱ्यांना ती बाईच उत्तर देत होती. तिसऱ्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक. तो सरळ रस्त्याने, हातात स्टीलचा डबा घेऊन आला. गुऱ्हाळावर काहील उकळत होती, गुळव्या फळीने मळी बाजूला काढत होता, जळव्या चिपाडं आत ढकलत होता. हा जाळाच्या पूर्ण उजेडात उभा राहिला आणि म्हणाला, “काकवी मिळंल का?” त्याला काकवी मिळाली. गुळव्याने वर गरम गुळाचा खडा दिला. दोरा खुंटीला बांधून झाला तेव्हा गुळव्या त्याच्याशी उसाच्या भावाबद्दल बोलत होता.

रात्री लपून राहायचं ‘बीळ’ आम्ही गुऱ्हाळाच्या चिपाडाच्या गंजीमागे केलं होतं. वापरलं कुणीच नाही.

हाती काय लागलं

कुणाला इजा नाही, कुणाची तक्रार नाही. पोलीस ठाण्यातून दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा विचारपूस करून संपला. खर्च अंदाजापेक्षा वाढला, कारण गावातल्या पहारेकऱ्यांना सकाळी मिसळ द्यायचं कबूल केलं होतं आणि पहारेकरी आमच्या हिशेबाच्या दुप्पट निघाले. शिबिरार्थींपैकी काहींची तक्रार होती की ‘खरं लपायला’ मिळालंच नाही. प्रमुखांनाही ती थोडी पटते. या मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही.

आज करायचं तर

पाहणी नोव्हेंबरातच सुरू करेन, ऑक्टोबरात नाही. ऑक्टोबरातलं रान आणि डिसेंबरातलं रान ही दोन वेगळी गावं आहेत. पीक दिसलं की मालकाला तीन प्रश्न : लागण कुठली, तोड कधी, यंदा शेजारी काय लावलंय. वहीत वेळा लिहायच्या असतील तर आकडेच लिहीन, माणसं नाहीत. ‘केबिनला कुलूप नाही’ असं वाक्य कुठल्याही वहीत पुन्हा दिसता कामा नये.

खोटी ओळख द्यायचीच असेल तर जी गोष्ट त्या माणसाला खरंच येते तीच देईन. पक्षी बघायला पाठवायचा तर पक्षी ओळखणारा. आणि जागा ज्या वेळेला वापरायची त्या वेळेला, शिवाय तिच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळेला बघेन. रंकाळ्यावर पहाटे सहाला जाऊन बसलो असतो तर मावशी दिसल्या असत्या.

साहेबांना पहिल्याच बैठकीत बोलतं करायला हवं होतं, हे आहेच. पण मला जास्त सलतो तो दुसरा प्रश्न. पहिल्या फेरीत मी आबांच्या फडात न विचारता शिरलो होतो. त्याच दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन पाणी मागितलं असतं, तर नोव्हेंबरातली ती संध्याकाळ झालीच नसती, आणि दोन पोरं देवळाच्या कट्ट्यावर पन्नास माणसांत बसली नसती.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचाच फोन आला.

“शिबिर हाय न्हवं यंदा?”

“आहे, आबा. तुमच्याकडंच यायचा विचार आहे.”

“या की. पर आदीच सांगतो. यंदा ऊस न्हाई, हरभरा टाकणार हाय. गुडघ्याएवढा हुतोय. पोरं कुठं लपवणार?”